पहिली चाचणी

पानवलकरांनी स्वतःचा कर्मचारी क्रमांक घालून एंटर दाबलं आणि स्क्रीनवर उमटलं, ‘नोंद सापडली नाही.’ मेनफ्रेम संगणकावर नवं डेटाबेस सॉफ्टवेअर बसवलं, की बसवणाऱ्यानं पहिल्यांदा स्वतःलाच शोधायचं, ही त्या विमा कंपनीच्या संगणक विभागातली जुनी रीत. एकतीस वर्षं नोकरीत असलेला माणूस यंत्राला सापडत नाही, म्हणजे बसवण्यातच काहीतरी चुकलंय, हे उघड होतं.

त्यांनी सगळं पुसून पुन्हा बसवलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा मॅन्युअलच्या ओळीओळीवर बोट ठेवून बसवलं. जेवणाचा डबा तसाच राहिला. तरी तेच.

“माझा नंबर घालून बघा हो,” शेजारच्या सामंतबाई म्हणाल्या. बाई लगेच सापडल्या, जन्मतारखेसकट. “अगंबाई, ती तरी लपवायची होती!”

पानवलकर खाली मान घालून साहेबांकडे गेले. “साहेब, माझ्या हातून इन्स्टॉलेशन बिघडलंय. दोन दिवस द्या, नीट करून देतो.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “बिघडलेलं काही नाही हो. एक तारखेनंतर नोकरीत जे राहणार, त्यांचीच यादी वरून भरायला आलीय. तुम्हाला पत्र नाही मिळालं?”

“नाही.”

“मिळेल. पण मानलं तुम्हाला, पानवलकर! पहिल्याच फटक्यात अचूक बसवलं होतंत.”

एकतीस वर्षांतली ही साहेबांची पहिली शाबासकी. पानवलकरांच्या तोंडून सवयीनं ‘थँक्यू सर’ निघून गेलं.