काचवाल्याचं माप

आठवड्यापूर्वी काचवाल्याने एका सरकारी कचेरीतल्या अर्जांच्या खिडकीची तडकलेली काच काढून नेली, तेव्हा आतला कारकून आणि बाहेरची रांग एकमेकांवर नुसते खेकसत होते. काचेला तळाशी वीतभर भोक. कमरेत वाकून ओरडल्याशिवाय आत काही ऐकूच जायचं नाही.

आज तो नवी काच घेऊन आला आणि पाहतो तो काय, कुणाचा आवाज चढलेला नाही. तोच कारकून उघड्या चौकटीतून हात बाहेर काढून एका म्हातारीला सांगत होता, "मावशी, सही इथे. सावकाश करा." मागचा माणूस तिची पिशवी धरून उभा होता.

काचवाल्याने काच चौकटीला लावून पाहिली. केसभराचाही फरक नव्हता. तीस वर्षांत त्याचं माप कधी चुकलं नव्हतं. चुकलं तर धंदा सोडीन, असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा.

कारकून हळूच म्हणाला, "बसत नाहीये हो ही."

काचवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे.

"खरंय साहेब. माप चुकलं माझं. दुसरी कापून आणतो."

"कधीपर्यंत?"

"तुम्ही रिटायर कधी होताय?"