धीर देणारं हसू

सबनीस मॅडमनी इयरफोन पुन्हा कानात घातला. इंग्रजी बोलण्याच्या सरावासाठी कॉलेजने दिलेल्या एआय ॲपच्या रेकॉर्डिंगमध्ये करिश्मा घडाघडा बोलत होती. वर्गात हीच मुलगी नाव विचारलं तरी मान खाली घालायची.

चक्रावलेल्या मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. "मशीनशी एवढं बोलतेस, मग माझ्याशी का नाही गं?"

करिश्मा ओढणीचं टोक पिळत राहिली. "मी चुकले तरी ते हसत नाही, मॅडम."

"आणि मी हसते?"

"रोज. मी बोलायला उठले की."

मुलांना धीर यावा म्हणून मॅडम वर्षानुवर्षं तसं हसत आल्या होत्या. आत्ताही करिश्माचे भरलेले डोळे पाहून तेच हसू ओठांवर आलं. ते लपवायला त्यांनी घाईने तोंडावर हात धरला.

करिश्माची मान आणखी खाली गेली.