भिंतीवरचा तेलाचा डाग

बस भाऊ, चहा घे, एक गोष्ट सांगतो. भेस्तानच्या वस्तीतल्या याच खोलीत गोरख लूमवाला राहायचा. त्यानं छतापर्यंत पुस्तकं रचली होती. लूमवर कापड विणून आला, की त्या ढिगाकडं तोंड करून मोठ्यानं वाचत बसायचा. बायकोशी, कोकिळाशी, दोन शब्द बोलायचा नाही. ती जळायची.

"यापेक्षा सवत परवडली! तिच्या झिंज्या तरी धरता येतात."

प्लेगच्या साली तिला निमित्त सापडलं. "पुस्तकांत उंदीर होतात," म्हणाली, आणि सगळी रद्दीत, पस्तीवाल्याला देऊन मोकळी झाली.

भिंत उघडी पडली, तर बसलेल्या बाईचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर तेलाचा डाग. लग्नाच्या आधीपासून तिथं पुस्तकंच होती. बोट लावलं, तर तेल ओलं.

कोकिळानं सोड्यानं घासून काढला. संध्याकाळी डाग परत तिथंच. मग तीच हट्टानं त्याला डोकं टेकून बसली.

"आता वाचा, माझ्यासाठी."

गोरखनं डब्याच्या थैलीतून पुस्तक काढलं, वर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "वाचतो. पण जरा सरक ना. तिला दाबतेयस तू."

भाऊ, तूपण जरा भिंतीपासून पुढं सरकून बस.