डावीकडची सीट

“मऊ की कडक, ते आज ठरवाच साहेब,” शिवराम मेकॅनिक म्हणाला. “तीन आठवडे झाले, गाडी ठोकळ्यांवर उभी हाय.”

सानपाड्याच्या त्या गॅरेजात लाल गाडी खरंच चारही चाकं काढून उभी होती. सीटा दोनच, छप्पर कापडाचं. उदयसिंहांना कॉलेजापासून अशा गाडीचं वेड. पन्नाशीला टेकल्यावर चौथ्या मालकाकडून एकदाची घेतली. पहिल्याच आठवड्यात ती नेरूळच्या चढावर बंद पडली आणि ढकलता ढकलता त्यांची कंबर धरली. तेव्हापासून साहेबांच्या शर्टाखाली पट्टा आणि गाडी शिवरामकडे.

त्यांची बायको प्रेमला भाजीची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. बाजारातून परतताना “दोन मिनिटं” म्हणून थांबलेले, त्याला अर्धा तास होऊन गेला होता.

“नऊ हजारांत दोन्हीच्या मधलं काही नाही का?” उदयसिंहांनी विचारलं.

“मधलं सामान बाहेरनं येतं. अठरा हजार. नवात एकच काय ते. कडक स्प्रिंगा टाकल्या तर गाडी खाली बसंल, वळणाला जमीन सोडणार नाही. अशा गाडीला तेच शोभतं. मऊ टाकल्या तर नुसता पाळणा. लोक हसतील.”

“हसू देत. मऊच टाक. डाव्या सीटला दणका बसता कामा नये.”

“आणि उजवीकडं?”

“उजवीकडचं सोड. तिथलं माणूस काटक आहे.”

प्रेमलाने त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं. काटक म्हणे! सकाळी पायमोजे चढवायला तिलाच हाक मारली होती.

पण काटकपणाचं एक वेळ जाऊ दे. डाव्या सीटवर इतकं नाजूक बसणार होतं कोण? प्रेमला तर नक्कीच नाही. लग्नाआधी कराडजवळच्या माहेरी ती वडिलांची जीप हाकायची, मागे दुधाचे कॅन, खाली नांगरटीसारखा रस्ता. लग्नानंतर अठरा वर्षं स्कूटरवर मागे, कधी दळणाचा डबा धरून तर कधी कुंडी. तेव्हा कुणी कुठल्या स्प्रिंगा विचारल्या नव्हत्या. आणि या गाडीतून मला कधी फिरवणार, असं विचारलं तर उत्तर एकच, “वेळ आली की.”

बुधवारी फोन वाजला.

“उदयसिंह आहेत का? मी गीतांजली.” आवाज खडीसाखरेसारखा. “शुक्रवारी साडेपाचला नक्की या म्हणावं. मागच्या वेळेसारखं टाळायचं नाही.”

संध्याकाळी प्रेमलाने चहा ठेवता ठेवता विचारलं, “अहो, ही गीतांजली कोण?”

“बँकेतली,” पेपरामागून उत्तर आलं. पेपर उलटा नव्हता एवढंच.

शुक्रवारी ते सातला आले. अंगाला कसल्याशा तेलाचा वास, आणि चेहऱ्यावर तो हलकेपणा, जो घरात कित्येक दिवस दिसला नव्हता. आल्या आल्या त्यांनी बॅगेतून कागद काढले.

“फुली आहे तिथे सही कर. आणि तुझे दोन फोटो दे.”

त्या घरातली ही जुनी रीत. विमा असो, पोस्ट असो, सोसायटी असो, उदयसिंह पेन्सिलने फुली मारायचे आणि प्रेमला न वाचता सही करायची. या वेळी तिने इतकी रागाने सही केली की कागद जरा फाटला. कागद बॅगेत गेल्यावर तिच्या मनात आलं, अगं बाई, घटस्फोटाचे तर नसतील? पण आता वाचायला मागायचे कुठल्या तोंडाने?

रात्रभर कूस बदलून सकाळी, ते बँकेत गेल्यावर, तिने गॅरेजला फोन लावला.

“शिवराम, साहेबांचा विचार बदललाय. कडकच टाका.”

“मी म्हणलोच हुतो वहिनी!”

“आणि त्यांना परत विचारू नका. पुन्हा महिनाभर ठरवत बसतील.”

रिसीव्हर ठेवला तरी हात त्यावरच राहिला. त्यांच्या कंबरेचं काय? मग तिला दिसली ती गीतांजली, शिफॉनची ओढणी उडवत डाव्या सीटवर बसलेली, आणि पुढे सानपाड्याचे एकूण एक खड्डे. प्रेमलाने हात काढून घेतला. त्या दिवशी शिऱ्यात बेदाणे जरा जास्तच पडले.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी उदयसिंह म्हणाले, “चल, गाडी आणू.”

“मी कशाला?”

“चल तर.”

गाडी तयार होती. पुसून लख्ख, जमिनीलगत दबा धरून बसल्यासारखी.

“बघा साहेब, कशी बसलीय!” शिवराम फडक्याला हात पुसत म्हणाला.

“वा!” म्हणत उदयसिंहांनी डावीकडचं दार उघडलं आणि तिच्याकडे पाहून हसले. प्रेमला एक पाऊल पुढे आली. म्हणजे पहिला मान आपलाच होता! आणि आपण काय करून बसलो? दणके खाऊ गुपचूप, असं ठरवत तिने पदर खोचला आणि एक पाय आत टाकला.

“तिथं कुठं? ती माझी जागा.”

त्यांनी खिशातून तिचं जीपच्या दिवसांतलं लायसन काढलं, त्या सहीच्या कागदांवर नव्याने करून आणलेलं, नवा फोटो चिकटवलेलं, त्यावर किल्ली ठेवली आणि दोन्ही तिच्या हातात दिलं.

“तुला सांगायची लाज वाटत होती गं. त्या मालिश-व्यायामवाल्या गीतांजली मॅडमनी बजावलंय. क्लच दाबणं आता जन्मभर बंद. बसायचं ते डावीकडे, आणि कंबरेला दणका म्हणून बसू द्यायचा नाही.”

दाराला धरून, पट्टा सावरत, ते हळूहळू सीटवर टेकले. लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले.

“घे, बिनधास्त खड्ड्यांतून घे,” ते म्हणाले. “मऊ स्प्रिंगा टाकल्यात.”