दोन बाटल्या

"तुझ्या नमुन्यांच्या बाटल्यांची अदलाबदल झालीय," म्हणत तुळपुळे सरांनी प्रबंधातल्या वाक्यावर लाल रेघ मारली. "म्हणे चंद्राच्या दगडातलं हलक्या-जड ऑक्सिजनचं प्रमाण हुबेहूब पृथ्वीसारखं! प्रत्येक ग्रहाचं हे प्रमाण वेगळं असतं. अगं, चंद्र बाहेरून आला, पृथ्वीने त्याला पकडून ठेवलं. तीस वर्षं मी हेच शिकवतोय."

हर्षदाची कानशिलं तापली. पाच वेळा मोजलं होतं तिने. मार्गदर्शकापुढे मान खाली घालायची इथली रीत तिला ठाऊक होती, पण आज मान खाली जाईना.

क आणि ख एवढंच लिहिलेल्या दोन बाटल्या तिने टेबलावर ठेवल्या. दोन्हींत सारखीच काळी पूड.

"एकीत चंद्राचा दगड, एकीत आपल्या घाटातला. यंत्रात तुम्हीच घाला, सर. आकडे बघून सांगा, चंद्र कुठला?"

यंत्राने आकडे दिले. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले, पुन्हा पुसला.

"ओळखता येत नाही," ते पुटपुटले.

हर्षदाने ते पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"तेच तर लिहिलंय मी. चंद्र पाहुणा नाही, सर, पृथ्वीच्याच अंगाचा तुकडा आहे. आता ही लाल रेघ तुम्ही खोडता, की मी खोडू?"