कशाचा वाहक

खिमचा धाकटा भाऊ पुन गेल्याचं बारावीच्या वर्गाला सकाळी झेंड्यासमोरच्या रांगेत कळलं. जीवशास्त्राच्या सुनीबाईंनी माइकवरून त्याचं नाव सांगितलं आणि सगळ्यांना माना खाली घालायला लावल्या. पुन सहावीत होता. त्याला थॅलसेमिया आहे, दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

शाळा सुटल्यावर खिमच्या वर्गातले तोन आणि मेसा नेहमीसारखे शिरीषाखालच्या दगडी टेबलाशी जीवशास्त्राचे प्रश्न सोडवत बसले होते. तिथं खिम आली. अंगात सुतकाचा काळा सदरा होता. संध्याकाळी विहारात भिक्खू पाठ म्हणायला येणार होते, आणि ती तिथलं पेले धुण्याचं काम टाकून कुणाला न सांगता निघाली होती.

"अगं, तू कशाला आलीस?" मेसा म्हणाली.

"एक प्रश्न अडलाय."

तोननं कैरीची फोड तिखटमिठात बुडवून पुढं केली. तिनं मान हलवली.

प्रश्न पुस्तकातला नव्हता. खिमची ताई ओरन हिला तिसरा महिना लागला होता. तिचं आणि नवऱ्याचं रक्त तपासलं होतं. दोघंही वाहक आहेत, आजार मुलात उतरवू शकतात, एवढं नर्सच्या तोंडून ऐकल्यावर ओरननं पुढचं काही ऐकलंच नाही. काल शवपेटीजवळ बसून ती खिमला म्हणाली, मूल ठेवायचं नाही. आईनं जे बघितलं ते मला बघायचं नाही.

यातलं काही खिमनं त्या दोघांना सांगितलं नाही. तिनं कागद ओढला, पुरुषाचा एक चौकोन आणि बाईचा एक गोल काढला, मध्ये रेघ मारली.

"नवरा थॅलसेमियाचा वाहक, बायको पण वाहक. मुलाला आजार व्हायची शक्यता किती?"

"एवढंच? हे तर नववीचं आहे." तोननं चौकोन अर्धा काळा केला, गोल अर्धा काळा केला. "चारात एक. आण पुढचा, जरा अवघड आण."

मग त्याचं खिमच्या सदऱ्याकडं लक्ष गेलं आणि त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"एवढंच होतं," खिम उठत म्हणाली.

"थांब. सांगायचं राहिलंय," मेसा म्हणाली. एकानं सोडवलेलं उत्तर दुसऱ्यानं समजावून सांगायचं, तेही काहीच माहीत नसलेल्या माणसाला सांगावं तसं, ही सुनीबाईंची शिस्त होती. "तोननं सोडवलं, आता मी सांगते."

"जाऊ दे ना तिला."

"का? परवा मूत्रपिंडाच्या धड्यासाठी मला अंधार पडेपर्यंत धरून ठेवलंस तेव्हा?" मेसानं पेन्सिल चौकोनावर टेकवली. "नवऱ्याच्या एका गुणसूत्रावरचं जनुक बिघडलेलं आहे. कुठल्या गुणसूत्रावरचं?"

"थॅलसेमियाच्या."

"असं गुणसूत्र असतं का रे गाढवा? थॅलसेमिया दोन प्रकारचा. अल्फाचं जनुक सोळाव्या गुणसूत्रावर, बीटाचं अकराव्यावर. हा कशाचा वाहक?"

"वाहक म्हणजे वाहक. अर्धा काळा चौकोन. सगळे असाच काढतात."

"सगळे काढतात म्हणून चाचणीत सगळ्यांचे मार्क गेले. खिम, प्रश्नात काय दिलंय?"

खिम उभीच होती. तिनं फोन काढून ओरनच्या नवऱ्याला लावला. तो विहारात खुर्च्या मांडत होता. लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज टेबलापर्यंत आला.

"भावोजी, तुम्हाला काय निघालं म्हणाली नर्स? नेमकं सांगा."

"मला अल्फा. ओरनला दुसरा, बीटा. पुनला होता तोच. का गं?"

"सांगते. ठेवा."

तोन आणि मेसानं एकमेकांकडं पाहिलं. हा प्रश्न कुठल्या पुस्तकातला, हे कुणी विचारलं नाही. मेसानं नवा कागद घेतला. तिचा आवाज आता हळू झाला होता.

"हे बघ. आजार व्हायला आईकडून आणि बापाकडून एकाच प्रकारचा बिघाड यावा लागतो. इथं दोघांचे बिघाड वेगळे, जागाही वेगळ्या. बाळाकडं दोन्ही आले, तरी बीटा बापाकडून चांगलं येणार, अल्फा आईकडून चांगलं येणार."

"म्हणजे पुनसारखं..."

"पुनसारखं नाही होणार."

"फार तर माझ्यासारखं होईल," तोन म्हणाला. "मी वाहक आहे. पळताना दम लागतो."

"तो खाण्यामुळं लागतो," मेसा म्हणाली.

खिम हसली. मग बाकावर बसली आणि तिनं टेबलावर कपाळ टेकलं. मेसानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"डॉक्टरांना विचारा मात्र. आपण काही डॉक्टर नाही."

"शुक्रवारी ताईला आणि भावोजींना दवाखान्यात बोलावलंय." खिमनं डोळे पुसले, कैरीची फोड तोंडात टाकली आणि ताईला फोन लावला.

"कुठं उलथलीस?" ओरन म्हणाली. "एवढे पेले कोण धुणार?"

"ताई, ऐक आधी." काहीच माहीत नसलेल्या माणसाला सांगावं तसं खिमनं सगळं सांगितलं. तोन चुकून मध्ये बोलायला गेला, तेव्हा मेसानं त्याला कोपर मारलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"परत सांग," ओरन म्हणाली.

खिमनं परत सांगितलं.

"आणि तू गं?" ओरननं विचारलं. "तुझ्यात काय आहे?"

"निघाले मी. पेले राहू दे माझ्यासाठी."

खिमचं रक्त अजून तपासलेलं नव्हतं.