तासणाऱ्याची जागा

यू शुइगन खडूचा तुकडा घेऊन जमिनीवर ओणवा झाला आणि नव्या कारखान्याची पहिली रेघ ओढून दम खात तिथेच बसला. रेघ जेमतेम दोन हात लांब. त्याच्या बायकोने, फंगलानने, चहाची बाटली पुढे केली आणि उरलेली रेघ स्वतः ओढली.

जागा चांगली होती. बंद पडलेल्या गोदामाचा एक कोपरा, उत्तरेला मोठी खिडकी, मागे कच्चा माल वाळवायला अंगण. कोणाची जागा कुठे, ते दोघं सकाळपासून ठरवत होती. घडवणाऱ्याचं चाक मोरीपाशी, म्हणजे चिखलाचं पाणी सगळीकडे व्हायचं नाही. झिलईची पिंपं दाराशी. रंगवणारा सगळ्यांपासून लांब, कारण तो बडबड्या निघाला तर कोणाचंच काम व्हायचं नाही. घडवणारा आणि रंगवणारा दोघेही शेजारच्या गल्लीतून रोजावर येणार होते. चिनी मातीच्या भांड्यांच्या या गावात, जिंगदेजनमध्ये, एकट्या माणसाने अख्खा वाडगा केल्याचं कोणी ऐकलेलं नाही. एकाने घडवायचा, दुसऱ्याने तासायचा, तिसऱ्याने रंगवायचा आणि तिघांनीही उरलेल्या दोघांना नावं ठेवायची, अशी इथली रीत. शुइगन जन्मभर तासणारा. सुकलेला जाड वाडगा चाकावर पालथा घालून पात्याने असा तासायचा, की भाजल्यावर उजेडासमोर धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. फंगलानने जन्मभर वाडग्यांच्या काठांना निळी रेघ काढली. फक्त काठाची रेघ, बाकी चित्राला दुसरी माणसं.

तासताना पांढरी धूळ उडते. इतकी वर्षं ती शुइगनच्या छातीत साठत आली होती. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी फंगलानला बाजूला घेऊन सांगितलं, की फुप्फुसं दगड झाली आहेत, आता धुळीचा कणही नको. आणि कण नाही गेला तरी दोन हिवाळे निघाले तर पुष्कळ. तिने नवऱ्याला सांगितलं, की सर्दी मुरली आहे. बाई आयुष्यात धड खोटं बोललेली नव्हती, आणि बोलली तेही असलं.

आणि आता हा कारखाना. तासायचं चाक यायच्या आत सांगायचं, असं ती रोज स्वतःला बजावत होती. चाक आज सकाळीच आलं. तीनचाकीवाल्याने ते खिडकीखाली उतरवलं, शुइगनच्या जुन्या मालकाकडून आणलेली कच्च्या वाडग्यांची एक फळी शेजारी ठेवली, आणि शुइगनने वायर जोडून चाक फिरवूनही बघितलं. आता तो बसणार. एकदा बसला की त्याला उठवणार कोण?

"म्हाताऱ्या, तुला तिथे बसता येणार नाही," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगून टाकलं. दगड, दोन हिवाळे, सगळं. सांगता सांगता तिला रडू फुटलं, आणि खडूचे हात डोळ्यांना लावून तिने तोंड पांढरं करून घेतलं.

शुइगनने तिला रडू दिलं.

"आमच्या रांगेतले तिघे असेच गेले," तो म्हणाला. "सर्दीचा खोकला कसा असतो ते मला कळतं गं. आणि मी कुठे म्हटलं, की मी बसणार?"

"मग चाक कोणासाठी आणलंस?"

"तुझ्यासाठी. बस."

तिला आधी कळलंच नाही. तो एकेक सांगत गेला, दर वाक्याला थांबून. काठाची रेघ आता छापील चिकटवतात, पुढच्या वर्षी तिला कोणी कामाला बोलावणार नाही. मुलगी शेन्झेनला, तिला तिचाच संसार झेपत नाही. शिकाऊ पोरं सकाळी येतात आणि दुपारी जेवायला म्हणून जातात ती जातातच. तासणाऱ्याला मात्र अजून मागणी आहे. पाती त्याने तिच्या हाताच्या मापाने नव्याने ठोकली होती. मास्क एकावर एक दोन लावायचे. त्याच्या वेळी एकही नव्हता.

हात बसायला पाच वर्षं लागतात, हे त्याने प्रत्येक शिकाऊला तिच्यादेखत ऐकवलेलं होतं. आज त्याने ते म्हटलं नाही, आणि तिनेही तो विषय काढला नाही. तिला हे नको होतं. त्या धुळीचा तिला मनस्वी संताप होता. पण नाही म्हटलं, तर हा माणूस उद्यापासून नुसता मरणाची वाट बघत बसेल, हेही तिला स्पष्ट दिसत होतं. ती चाकापाशी जाऊन बसली. त्याने तिच्या तोंडावर मास्क बांधले, गाठ ओढून पाहिली आणि तिच्यामागे स्टूल घेतलं.

"तू तरी बाहेर जा," ती मास्कमधून म्हणाली.

"बाहेरून काय दिसणार?"

पहिल्या वाडग्याचे पातं लागताच तुकडे झाले. दुसऱ्याचेही. पुढच्या वाडग्याला त्याने तिच्या कोपराखाली आपला हात धरला.

"शेवटचा हात फिरवताना श्वास रोखायचा," तो म्हणाला. "छाती हलली की पातं हलतं. मी सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही."

तिने श्वास रोखला. पातं टेकलं. पांढरी धूळ भुरभुरत तिच्या मांडीवर पडू लागली. हात हलला नाही, फेरा पुरा झाला. मागे त्याने 'सोड' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. उबळ काही थांबेना.

चाक फिरत होतं. फंगलान श्वास रोखून वाट बघत बसली.